पवळाईची शतावरी

हिरडवाडीला रस्ता नव्हता आणि डोंगरात वाघ होता, तेव्हाची ही गोष्ट. वाडीत पवळा नावाची एक विधवा राहायची. रानातल्या शतावरीच्या मुळ्या खणायच्या, सोलून सुकवायच्या आणि डोंगर उतरून बाजारात विकायच्या, यावर तिचं पोट. वाडीतल्या साऱ्याच बायका तेच करायच्या. त्यामुळे वेली दरवर्षी कमी होत गेल्या. एका साली पवळा दोन डोंगर फिरली आणि रिकामी टोपली घेऊन परतली.

तेव्हा तिनं राखून ठेवलेलं शतावरीचं बी घरामागच्या राईत, झाडांच्या सावलीत पेरलं. बायका हसल्या.

"अगं, रान कुणी पेरतं का?"

"पेरून तर बघते," पवळा म्हणाली. "मला म्हस घ्यायचीय."

असं म्हणतात, की त्या वेली हाक मारल्यासारख्या वर आल्या. तिसऱ्या वर्षी एकेका वेलीखाली मुळ्यांचा एवढा झुबका निघाला, की उचलायला दोन माणसं लागली. पवळानं म्हैस घेतली. मग मात्र कुणी हसेना.

वाडीचा रिवाज असा, की पेरलेलं ज्याचं त्याचं आणि रानातलं सगळ्यांचं. पण राईत पाखरांनीही बी टाकलं होतं. त्या वेली आणि पवळाच्या वेली एकमेकींत अशा गुंतल्या होत्या, की कुठली कुणाची ते ओळखू येईना. निवाडा करायला कोंडाजी पाटलानं वाडी जमवली. लुमाजी भगताच्या अंगात रानाचा देव वाघोबा आला.

"बाईनं लावली ती बाईची, मी लावली ती माझी," देव म्हणाला.

"पण देवा, तुझी कुठली?" पाटलानं विचारलं.

देवानं एका वेलीकडे बोट केलं. मग दुसरीकडे. मग बोट हवेतच राहिलं आणि देव अंगातून निघून गेला. असं म्हणतात, की वाघोबा गोंधळला तो तेवढा एकदाच.

"आता तूच सांग," पाटील पवळाला म्हणाला. "तुझ्या वेली दाखव आणि खण."

ती सगळ्याच माझ्या म्हणाली असती तर खोटं ठरवणारं कुणी नव्हतं. पण पवळा सकाळपासून एकेक वेल हाताळत राहिली. काटे रुतून बोटं रक्ताळली. ऊन कललं, तशी ती मटकन खाली बसली.

"मला कळंना," ती म्हणाली. "मीच लावल्या, अन् मलाच कळंना."

एवढ्यात पाटलाच्या घरून निरोप आला. सून बाळंत होऊन तीन दिवस झाले होते, तिला दूध येत नव्हतं, आणि आता बाळानं रडणंही सोडलं होतं. पवळा उठली. हाताला लागली ती वेल तिनं खणली, मुळ्या ठेचल्या, आपल्या म्हशीच्या दुधात उकळल्या आणि ते दूध सुनेला स्वतः पाजलं. असं म्हणतात, की दुसरा दिवस उजाडेपर्यंत सुनेला इतकं दूध आलं, की शेजारणीचं पोरही तिनं पाजलं.

पाटील पवळाच्या दारात आला.

"ती वेल तुझी होती की देवाची?"

"बघितलंच नाही, पाटील."

पाटलानं पुन्हा वाडी जमवली. मग त्यानं सांगितलं, की ज्यानं त्यानं आपापल्या घरामागची राई राखावी, तिथं बी पेरावं, आणि तिथलं जे निघेल ते, कुणी का पेरलेलं असेना, त्यानंच विकावं. त्याचा निवाडा बरोबर होता की चूक, यावर वाडीत अजून वाद होतात. पण त्यानंतर तिथून शतावरीच्या गोणी बाजारात जाऊ लागल्या आणि घरोघरी म्हैस आली.

पवळाच्या जाण्याबद्दलही एकमत नाही. कुणी म्हणतं ती घरात म्हातारी होऊन गेली, कुणी म्हणतं वेलींत गेली ती परत आलीच नाही. दोघंही शपथेवर सांगतात.

आजही खणणीच्या दिवसांत हिरडवाडीत प्रत्येक घरची पहिली जुडी विकत नाहीत. पवळाईच्या नावानं ती देवळाच्या आढ्याला टांगतात. बाळंतिणीच्या घरचं माणूस येतं आणि घेऊन जातं. जुडी कुणाची, हे टांगणारा सांगत नाही आणि नेणाराही विचारत नाही.