भिवराचे दोन घट

सुभानाच्या शेतात मूग उगवला, पिवळा पडला आणि पंधरा दिवसांत करपून गेला. पावसाळा सरता सरता राजाचा हुकूम आला, सुभानाने शेत सोडावं!

झालं होतं असं, की आदल्या वर्षी राजवैद्य अनंतशास्त्र्यांनी तणाचा निर्वंश करणारं औषध काढलं आणि उदाजीराजांनी स्वतः उभं राहून ते सुभानाच्या ज्वारीत मारून घेतलं. तण गेलं, ज्वारी डोलली, शास्त्रीबुवांचा सत्कार झाला. आता त्याच शेतात मूग मेला म्हणजे औषधाची बदनामी, आणि औषधाची बदनामी म्हणजे राजाची. तेव्हा सुभानाने मुद्दाम भाजकं बी पेरलं, असं दरबारात ठरलं. दरबारात एकदा ठरलं की ते खरंच असतं.

सुभाना बिचारा हात जोडून उभा राहिला. त्याची मुलगी भिवरा मात्र बोलली, की बी चांगलं होतं, औषधच अजून मातीत आहे. शास्त्रीबुवा हसले. गेल्या साली मारलेलं औषध, वर पाऊस पडून गेलेला, ते राहील कुठं?

"मातीत आहे म्हणतेस?" राजे म्हणाले. "मग दसऱ्याच्या दरबारात मला डोळ्यांनी दाखव. नाहीतर बापलेकींनी गाव सोडायचं."

औषधाला ना रंग ना वास, दाखवणार काय, कपाळ? पण नवरात्र तोंडावर आलं होतं, आणि वाड्यावरच्या घटासाठी माती नेण्याचा मान यंदा त्यांच्या घराकडे होता. तिने दोन टोपल्या भरल्या. एकीत शेतातली माती, दुसरीत औषध न लागलेल्या बांधावरची. राणीसाहेबांना तिने शेजारी शेजारी दोन घट बसवायला सांगितलं. दोन घटांचं दुप्पट पुण्य, म्हणून राणीसाहेब खूश. कोठारातलं गहू, ज्वारी, मूग, हरभरा असं धान्य दोन्हींत सारखंच पेरलं आणि रोज त्यांनी स्वतः पाणी घातलं.

दसऱ्याला दोन्ही घट दरबारात आले. एक हिरवागार. दुसऱ्यात ज्वारी ताठ उभी, बाकी सगळं पिवळं पडून मेलेलं.

"देवी कोपली!" शास्त्रीबुवा घाईघाईने म्हणाले.

"मग ज्वारीवर कशी नाही कोपली, बुवा?" भिवरा म्हणाली. "बी महाराजांच्या कोठारातलं, पाणी राणीसाहेबांच्या हातचं. फरक फक्त मातीचा, हिरव्यात बांधावरची आणि या मेलेल्यात आमच्या शेतातली. ज्वारी तेवढी राखायची आणि बाकीचं मारायचं, हा गुण तुमच्या औषधाचा. महाराज, हे बघा, औषध असं दिसतं."

राजांनी मेलेला मूग चिमटीने उपटून पाहिला. मग म्हणाले, "जिंकलीस. काय हवं ते माग."

"आमची जमीन बरी होईपर्यंत शास्त्रीबुवांचं वावर कसायला द्या. यंदा तिथं मूग फार छान झाला."

"तिथं औषध नव्हतं मारलं?" राजांनी विचारलं.

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. "तिथं आम्ही मूग करतो ना, महाराज."

राजे असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. भिवराला वावर मिळालं, सुभानाचं शेत त्याच्याकडेच राहिलं, आणि वावरातलं तण खुरपायला दुसऱ्या दिवसापासून शास्त्रीबुवा येऊ लागले.