मिठाच्या ढेपी आणि सोन्याची खाण

फार पूर्वी, सातासमुद्रापलीकडच्या उंच डोंगरांत मुइस्का नावाचे लोक राहत. त्यांच्या एका गावात खाऱ्या पाण्याचा झरा होता आणि झऱ्याकाठी मीठ करणारी एक म्हातारी होती. बाई फटकळ, पण कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा मोठाली मडकी घडवायचा, ती त्यांत खारं पाणी दिवसचे दिवस आटवायची. मीठ आत घट्ट बसलं, की मडकं फोडायचं आणि ढेप काढायची. तिथली रीतच तशी.

एके दिवशी परमुलखातून घोडेस्वार आले. लोकांच्या नाकाकानांतलं सोनं त्यांनी ओरबाडून घेतलं, तरी सरदाराचं मन भरेना. त्याने म्हातारीच्या नवऱ्याला दोरीने बांधलं आणि दुभाष्याकरवी बजावलं, की सांजेपर्यंत सोन्याची खाण दाखवा, नाहीतर याला जन्माचे मुकाल.

कुणी म्हातारीला म्हणालं, दाखव एखादा डोंगर आणि हो मोकळी. पण खोटं उद्या उघडं पडणार आणि नवऱ्याच्याच जिवावर बेतणार, हे तिला कळत होतं. तिने सरदाराला सरळ झऱ्यावर नेलं आणि मडक्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"ही आमची खाण. आमच्या मुलखात सोनं निघतच नाही. आम्ही मीठ देतो, तेव्हा खालच्या खोऱ्यातले लोक सोनं देतात."

सरदाराला वाटलं, थेरडी थट्टा करतेय. त्याचा पारा असा चढला, की सोटा उचलून त्याने सगळी मडकी फोडून टाकली.

"बरं झालं बाबा," म्हातारी म्हणाली, "आज फोडायचीच होती. माझे हात दुखायचे वाचले."

खापरांतून पांढऱ्याशुभ्र ढेपी बाहेर पडल्या. महिनोन्‌महिने अळणी खाऊन विटलेले शिपाई धावलेच. म्हातारी जागची हलली नाही.

"न्या खुशाल. पण या संपल्या की पुढे काय? मडकी घडवणारा तर तुम्ही बांधून ठेवलाय."

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. मग एकाने लुटलेली नथ काढून तिच्यापुढे ठेवली. दुसऱ्याने कानातले डूल ठेवले. तिसऱ्याने तर सरदाराला न विचारताच म्हाताऱ्याची दोरी कापली.

सोटा हातात धरून सरदार बघतच राहिला. मिठापुढे सोन्याचा ढीग वाढत होता.

"दिसली का खाण?" म्हातारीने विचारलं, आणि नवऱ्याला माती मळायला पाठवलं.

तात्पर्य काय, तर आपल्या हातच्या कामाचं मोल ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्याला धाकाने खोटं बोलायची वेळ येत नाही.