तेलाच्या डब्याचं दुसरं भोक

निवृत्त अभियंता खरवंडीकरांनी नाशकात बंगला बांधला, तो असा हवाबंद की धुळीच्या कणाची आत शिरायची टाप नाही. स्वयंपाकघरात भली मोठी चिमणी बसवली. ती नुसतीच घोंघावायची, धूर मात्र जागचा हलेना. चिमणी दोनदा बदलली, तरी तेच. मग साहेबांना खरा गुन्हेगार सापडला: स्वयंपाक करणाऱ्या सगुणाबाई!

"तुम्हाला फोडणीच जमत नाही. आज व्याही जेवायला येताहेत. धूर झाला, तर उद्यापासून येऊ नका."

"साहेब, खिडकी जरा किलकिली करू?"

"अहो, मी चाळीस वर्षं धरणं बांधलीत. मला शिकवू नका!"

सगुणाबाईंनी तेलाचा नवा डबा घेतला, त्याला एकच भोक पाडलं आणि डबा साहेबांच्या हाती दिला. "भज्यांसाठी एवढं तेल ओता."

साहेबांनी डबा कलता केला. तेल चार थेंब गळलं आणि अडलं. साहेब खेकसले, "दुसरं भोक कुठंय? हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येईल कसं?"

"मग धूर तरी कसा जाईल, साहेब?"

व्याही आले, तेव्हा खरवंडीकर स्टुलावर चढून खिडकीचं रबर उपटत होते.