विरजणाची साक्ष

पूर्वी शोभावती नगरीत सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच नगरीत जन्माला आले होते. कोणत्या कुळात, ते शेवटी सांगू. त्या जन्मी त्यांना कोणी ओळखले नाही, आणि ही गोष्टही त्या न ओळखण्याचीच आहे.

त्या राजाची एक औषधशाळा होती आणि आचार्य महीधर तिचे प्रमुख होते. अंतःपुरासाठी जे अंजन तयार होई ते आधी सशाच्या डोळ्यात घालून पाहायचे, असा त्यांचा नियम होता. ससा खांबाला बांधायचा, एका मुलीने त्याचे डोके धरायचे, डोळ्यात अंजन घालायचे आणि आचार्यांनी दाराबाहेर उभे राहून शंभर श्वास मोजायचे. तेवढ्यात ससा ओरडला नाही की शंख फुंकायचा. अंजन निर्दोष! याला ते श्रवणपरीक्षा म्हणत. आधी या कामाला माकडे आणली होती, पण माकडे किंचाळून शाळा डोक्यावर घेत आणि एकही अंजन परीक्षेला उतरेना. तेव्हा आचार्यांनी अंजन बदलले नाही. माकडे बदलून ससे आणले. पुढच्या चाळीस वर्षांत एकही अंजन दोषी ठरले नाही, आणि या गोष्टीचा त्या शहाण्याला अभिमान वाटे. अंतःपुरात कुणाचे डोळे सुजलेच, तर तो तिच्या पित्ताचा दोष असे.

सशाचे डोके धरण्याचे काम कुंदिका नावाच्या मुलीकडे होते. ती नगरीबाहेरच्या गवळीवाड्यातली, वय सोळा. वासरे सांभाळलेले हात आहेत म्हणून तिला ठेवली होती. पहिल्याच दिवशी त्या हातांना कळले की ससा ओरडत नाही, पण त्याचे काळीज असे धडधडते की धरणाऱ्याचे मनगट हलते. परीक्षा झाली की ससा मुदपाकखान्यात जाई. त्याची पापणी उचलून कोणी पाहत नसे. कुंदिकेने पाहिली. आतले बुबुळ उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे झाले होते.

ती तशीच आचार्यांकडे गेली.

"आचार्य, याचा डोळा गेला."

"ओरडला का?"

"नाही. पण डोळा जळलाय हो, एकदा येऊन बघा तरी."

"ओरडला नाही ना? मौन म्हणजे संमती, मुली. शास्त्र आहे ते."

"त्याला ओरडायला येतच नाही, तर तो संमती कुठून देणार?"

आचार्य हसले. "तू आपली डोकी धर. डोकी चालवायला आम्ही आहोत."

पोटाची खळगी भरायची होती, म्हणून तिने वर्षभर डोकी धरली. मग एका सकाळी तिने हात मागे घेतले आणि म्हणाली, "हे माझ्याच्याने होणार नाही." तिला त्याच सकाळी घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी आली आणि शंख वाजतच राहिला.

घरी आल्यावर कुंदिका पुन्हा वासरे सांभाळू लागली. एकदा तिच्या आईने विरजण लावलेले मडके उघडले तर आत दूध तसेच पातळ. आईने मडके हुंगले आणि कपाळावर हात मारला.

"तुझ्या बाबांनी गाईच्या खुराला लावायचं मोरचूद यातच कालवलेलं दिसतंय. आता कशाचं दही लागतंय!"

"मोरचुदाने दही लागत नाही, आई?"

"कसं लागेल? विरजण जिवंत असतं, बाई. माझ्या आजीपासूनचं आहे ते, रोज दुधावर पोसलेलं. त्याला विष कळतं."

कुंदिका उठली आणि तिने तो सगळा गवळीवाडा दुधाच्या मडक्यांनी भरून टाकला. प्रत्येक मडक्यात एकाच विरजणाचे बोटभर दही आणि चिमूटभर एकेक औषध. कापूर, मध, चुना, शिसे, काजळ, निंबोणीचा रस. कुठे दही लागते, कुठे नाही, कुठे उशिरा लागते, ते ती भिंतीवर गेरूने खुणा करून ठेवी. गवळीवाडा तिला हसे. "दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितात, ऐकलं होतं. ही तर दह्याला औषध पाजतेय!" तिने त्यांना हसू दिले. ते हसणे सोसणे सोपे होते. अवघड होती हळद. हळदीच्या मडक्यात दही नीट लागेना, आणि हळदीने कुणाचा डोळा गेल्याचे तर ऐकिवात नव्हते. म्हणजे विरजणही चुकते. त्या चुकीने ती खचली, रडली, आणि मग तिने शेजारी तेच औषध शिंपडलेल्या ओल्या फडक्यात मूग मांडले. विरजण आणि अंकुर दोघेही नाही म्हणाले, तरच ती नाही म्हणे. यात तिची एकोणीस वर्षे गेली. विरजण मात्र तिने एक दिवस मरू दिले नाही. तापात पडली असतानाही उठून दूध घाली.

विसाव्या वर्षी राजकन्या मालवतीचे स्वयंवर ठरले. दही न्यायला येणारी अंतःपुरातली दासी बोलता बोलता म्हणाली, "आचार्यांनी नवं नीलांजन केलंय. मोरासारखे निळे डोळे दिसणार आमच्या ताईसाहेबांचे. परवा परीक्षा, तेरवा डोळ्यात."

"निळं? कशाने गं?"

"मोरचूद म्हणे."

कुंदिकेने हातातले मडके खाली ठेवले आणि तशीच राजसभेत गेली.

"महाराज, ते अंजन राजकन्येच्या डोळ्यात घालू नका. तिची दृष्टी जाईल."

आचार्यांनी तिला ओळखले. "ही सशांची डोकी धरणारी गवळण! महाराज, हिची परीक्षा दह्यावर चालते. दही म्हणजे काय राजकन्या आहे?"

"ससा तरी कुठे राजकन्या आहे?" कुंदिका म्हणाली.

सभा हसली. राजा मात्र मुलीचा बाप होता. त्याने दोन्ही परीक्षा घ्यायच्या ठरवल्या. त्या संध्याकाळी आचार्यांचा माणूस गवळीवाड्यात येऊन गेला. तिने तक्रार मागे घेतली तर औषधशाळेत आचार्यांच्या खालोखालचे आसन तिचे, असा निरोप होता. या आसनासाठी विशीत ती काहीही द्यायला तयार झाली असती. "त्या खोलीत खांब आहेत तोवर मला आसन नको," तिने सांगून पाठवले.

दुसऱ्या दिवशी सभेत सहा मडकी मांडली आणि सहा ओली फडकी अंथरली. कुंदिकेने मूग आणि विरजण घातले, आणि मग ती पाठ फिरवून उभी राहिली. "कशात काय आहे ते मला सांगू नका. राजकन्येनेच आपल्या हाताने घालावं." मालवतीने पाच ठिकाणी रोजच्या वापरातली अंजने घातली आणि एका ठिकाणी नीलांजन. सगळ्यावर राजमुद्रा लागली. तिसऱ्या सकाळी मुद्रा फोडल्या. पाच मडक्यांत कवडीसारखे दही होते आणि पाच फडक्यांत मूग तरारले होते. चौथ्या मडक्यात दूध पातळ होते आणि चौथ्या फडक्यावरचे मूग काळे पडले होते.

"चौथं," मालवती हळूच म्हणाली. "त्यातच घातलं होतं मी."

त्याच वेळी सभेच्या मध्यभागी ससा खांबाला बांधला गेला. नीलांजन त्याच्या डोळ्यात घातले. आचार्यांनी दाराबाहेर उभे राहून शंभर श्वास मोजले. ससा ओरडला नाही. शंख वाजला.

राजा गोंधळला. एकीकडे मडकी, दुसरीकडे चाळीस वर्षांचा शंख. सभासदांच्या माना शंखाकडे झुकू लागल्या. कुंदिका संतापून पुढे आली.

"महाराज, माझ्या मडक्यांवर विश्वास ठेवू नका. आचार्यांच्या शंखावरही ठेवू नका. त्या सशाची पापणी उचला. एवढंच करा. चाळीस वर्षांत माझ्याखेरीज हे कुणी केलेलं नाही!"

कोणी हलले नाही. मालवती उठली. तिने स्वतः दोरी सोडली, ससा मांडीवर घेतला आणि पापणी उचलली. खाली काय होते ते पाहून तिने ओठ घट्ट मिटले. सशाचे काळीज तिच्या तळव्याखाली धडधडत होते. तो पळाला नाही, चावला नाही. त्याने आपली हनुवटी तिच्या मनगटावर टेकली.

"बाबा," ती म्हणाली, "आज हा डोळा माझा असता."

राजा आचार्यांकडे वळला. "एकदाही पाहिलं नाहीत?"

"महाराज," आचार्य म्हणाले, "नियमात तसं नव्हतं."

हे ऐकून राजाने रागाने आज्ञा केली, "याचेच अंजन याच्या डोळ्यात घाला!" आचार्य तिथल्या तिथे किंचाळले. अंजनाची डबी अजून कोणी उचललीही नव्हती.

कुंदिका मध्ये आली. "नको, महाराज. त्यांचे डोळे शाबूत राहू द्या. त्यांना आता पाहायचं आहे."

ती औषधशाळेची प्रमुख झाली. पहिल्या दिवशी तिने खांब उपटले आणि त्या जागी मडकी मांडली. वाचलेल्या सशांसाठी मागे अंगण केले. रोज सकाळी कोमट पाण्याने त्यांचे डोळे पुसायचे काम महीधरांकडे होते. ते काम त्यांनी मरेपर्यंत केले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात सांगितली. भिक्खुणी पुष्पिणी लंगड्या कुत्र्यावर नवा काढा आजमावून बघू देईना, म्हणून काही भिक्खू तिला हसले होते. त्यांतला उपसाल म्हणाला होता, "कुत्रं काय तक्रार करणार आहे?"

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा आचार्य महीधर म्हणजे हा उपसाल, जो आता खाली पाहतो आहे. राजकन्या म्हणजे कालच प्रव्रज्या घेऊन भिक्खुणी झालेली ती मुलगी. कुंदिका म्हणजे ही पुष्पिणी."

भिक्खूंनी विचारले, "आणि भगवान स्वतः? राजा सुबाहू?"

"नाही. राजाला दाखवावं लागलं."

मग शास्त्यांनीच सांगितले,

"मी तो ससा. ओरडलो नव्हतो, पण दुखलं होतं."

ते पुढे म्हणाले, "त्या जन्मी माझ्या वाट्याला क्षान्ती, म्हणजे सहनशीलता, आली. पण क्षान्तीचं नाव सोसणाऱ्याने घ्यावं, छळणाऱ्याने नव्हे. या कथेतला सद्गुण म्हणजे पापणी उचलून पाहणारी करुणा, आणि तो या पुष्पिणीचा आहे."

उपसाल उठला आणि लंगड्या कुत्र्याला पाणी ठेवायला गेला.