पूर्णकुंडलांचे राज्य

एका राज्यात माणसे मोठी झाली की शिकणे सोडत. सोडत म्हणजे कशी, वाजतगाजत सोडत. वयात आलेल्या प्रत्येकाच्या कानांत राजपुरोहित सोन्याची पूर्णकुंडले घालत, चौघडा झडे, पेढे वाटले जात, आणि त्या दिवसापासून ते माणूस पूर्ण झाले असे मानत. मग त्याने नवे काही शिकायचे नाही, कुणाला काही विचारायचे नाही. कुणी चुकून विचारलेच तर शेजारपाजारचे तोंडाला पदर लावून हसत. "कुंडलं घालून प्रश्न विचारतोय बघा!"

त्या राज्याचा राजा रत्नध्वज, आणि राणी पद्मरेखा. राजा मनाचा भला होता, पण आपल्याला सगळे येते असे त्याला वाटे. वाटणारच, येत नाही असे सांगणारे कुणी उरलेच नव्हते! राजवाड्यामागच्या बागेत त्याच्या बापाचे, आजोबांचे आणि जुन्या मानकऱ्यांचे दगडी पुतळे उभे होते. इतके हुबेहूब, की भुवईचा केस न् केस दिसावा. ते घडवतो कोण, हे मात्र त्या राज्यात कुणीच विचारले नव्हते.

एके सकाळी न्याहारीला बसल्यावर राणीने कुंडल सारखे करायला हात कानाशी नेला. टक् असा आवाज झाला. राजाने चकित होऊन तिच्या कानाला बोट लावले, तर कान दगडाचा! दुपारपर्यंत मान दगड झाली. कुंडले काढायला सोनार आणला, त्याचा चिमटा मोडला.

राजाने पुरोहिताला बोलावले. "या व्याधीवर औषध करा."

"व्याधी नव्हे, महाराज," पुरोहित शांतपणे म्हणाला. "राणीसाहेब पूर्ण होत आहेत. बागेतली जागा झाडून ठेवली आहे."

 राजा धावत बागेत गेला. बापाच्या पुतळ्यापुढे उभा राहिला आणि त्याच्या छातीला कान लावला. आत धडधड चालू होती. याच पुतळ्याला तो दर सणाला हार घालत आला होता, आणि आत बाप जिवंत होता!  राजाला रडूही येईना.

आंब्याच्या फांदीवर एक धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजा, कान लावायला फार वर्षं घेतलीस. आतला जीव मरत नाही. नुसता ऐकत राहतो."

"पुरोहिताला हे ठाऊक होतं?"

"दगड झालेल्याला बागेत आणून ठेवायचं, एवढं ठाऊक होतं. का, ते त्यानेही विचारलं नाही."

"उपाय काय?"

"कुंडलांचं सोनं काळंजन जादूगाराचं आहे. तो तळ्यातल्या बेटावर राहतो. त्या पाण्यात नाव तरंगत नाही, पोहून जावं लागेल. राणीचे ओठ दगड व्हायच्या आत परत ये."

"मला पोहता येत नाही."

"मग शीक," धनेश म्हणाला आणि उडून गेला.

तळ्याकाठी एक पाणमांजर मासा खात बसले होते. राजाने मुकुट काढून ठेवला आणि हात जोडले. पाणमांजराने त्याला पाण्यात ढकलले, बुडू दिले, वर काढले, पुन्हा ढकलले. राजाच्या नाकातोंडात पाणी गेले, काठावरचे बगळे हसून हसून पडले. अखेर हात चालले, पाय चालले, आणि राजा बेटाला लागला.

काळंजन चुलीपुढे बसला होता. "भूक लागली आहे," तो म्हणाला. "भाकरी थाप."

"मी आजवर खाल्ली आहे, थापली नाही."

"मी दाखवतो."

पहिली भाकरी तुटली, दुसरी जळली. पुढच्याही वाया गेल्या, राजाची बोटे भाजली. पण शेवटी एक टम्म फुगली, आणि राजाला असा आनंद झाला, की तसा राज्याभिषेकालाही झाला नव्हता.

भाकरी खाता खाता जादूगार म्हणाला, "पोहलास, भाकरी थापलीस, आता तिसरं काम. तुझ्या राणीला जे शिकायचं होतं, ते शिकायला बस, तरच सोनं सुटेल."

 इतक्या वर्षांचा संसार, आणि राजाला ते ठाऊक नव्हते. शरमेने त्याची मान खाली गेली.

"असलं सोनं तू दिलंस तरी का?" त्याने विचारले.

"तुझ्या आजोबाने मागितलं. म्हणाला, प्रजा फार प्रश्न विचारते, तिला गप्प बसवेल असं काही दे. मी दिलं. या सोन्याने पुढे काय होईल, ते त्याने विचारलं नाही."

राजा पोहत परत आला. राणीला बागेत, झाडलेल्या जागी उभे केले होते. फक्त ओठ तेवढे मऊ उरले होते. सगळा दरबार जमला होता. राजा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"पद्मरेखा, तुला काय शिकायचं होतं?"

"महाराज, कुंडलं घालून प्रश्न!" प्रधान किंचाळला.

"सारंगी," राणी कशीबशी म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षी सांगितलं होतं. तुम्ही हसलात." एवढे बोलून तिचे ओठ मिटले, आणि त्यांचाही दगड झाला.

राजाने ऊर फुटेस्तोवर हंबरडा फोडला. मग डोळे पुसले आणि दरबारच्या सारंगियाकडे वळला. "बुवा, मला सारंगी येत नाही. शिकवा."  राजाला काहीतरी येत नाही, हे त्या राज्यात प्रथमच कुणी ऐकले होते.

रोज सकाळी राजा राणीपुढे बसून गज ओढू लागला. काय तो सूर! मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. मानकरी कानांत बोटे घालत, बुवा कपाळाला हात लावत. राजाचा चेहरा लाजेने लाल होई, पण दुसऱ्या सकाळी तो पुन्हा येऊन बसे. हळूहळू त्याच्या बोटांना घट्टे पडले.

एके सकाळी त्याचा सूर नेहमीच्या जागी घसरला.

"चुकलं," कुणीतरी म्हणाले.

बुवांनी प्रधानाकडे पाहिले, प्रधानाने बुवांकडे. दोघेही बोलले नव्हते. दगडी ओठांना बारीक तडा गेला होता.

"बोट खाली घ्या," राणी म्हणाली. "इतके दिवस आतून ऐकत शिकतेय मी. रोज तिथेच चुकता. द्या इकडे!"

खळ्ळकन तिच्या कानांतली कुंडले गळून पडली आणि कोळशासारखी काळी झाली. मग राजाची, मग प्रधानाची, मग साऱ्या नगरीची. बागभर दगड तडकू लागले. माणसे किंचाळत पळाली, कारण पुतळे शिंका देत होते. राजाच्या आजोबांचा एक हात पूर्वी कधीतरी वीज पडून तुटला होता. ते तसेच, एका हाताचे, जागे झाले आणि मान खाली घालून उभे राहिले. राजाच्या बापाने मात्र सारंगीकडे बोट दाखवले आणि भीत भीत विचारले, "रत्नध्वजा, हे वाजवायचं कसं रे?"

त्या राज्यात मुले वयात आली की अजूनही चौघडा झडतो, पेढे वाटले जातात. फक्त पुरोहित आता कानांत काही घालत नाही. तो विचारतो, "आता पुढे काय शिकणार?"

गोष्ट इथे संपली. ऐकणाऱ्याने उठण्यापूर्वी आपला कान एकदा चाचपून पाहावा.