सात ग्रंथ आणि वरची पायरी

“ग्रंथ मानाने मांडले पाहिजेत, सातपैकी एकही पायरी रिकामी राहता कामा नये, आणि सात विद्वानांपैकी एकाचीही कुरकुर माझ्या कानावर येता कामा नये! उद्या दुपारपर्यंत हे जमलं नाही, तर पोथीशाळेला कायमचं कुलूप!”

एवढं बोलून शंखपूरचे भूपालराजे उठलेसुद्धा. समोरच्याने तोंड उघडेपर्यंत राजेसाहेबांचं ऐकून झालेलं असायचं, ही त्यांची जुनी खोड.

शंखपूर म्हणजे बंदराचं गाव. गलबतांबरोबर देशोदेशीची माणसं आली आणि माणसांबरोबर त्यांचे धर्मग्रंथ आले. राजांनी हौसेने सिंहासनाच्या गोल चौथऱ्यापर्यंत चढत जाणाऱ्या काळ्या दगडाच्या सात पायऱ्या बांधून घेतल्या. आता सर्वांत वर कुठला ग्रंथ ठेवायचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. तेवढ्यावरून आठ दिवस दरबार डोक्यावर घेतला गेला!

“वेद सगळ्यांत जुने!” शास्त्रीबुवा म्हणाले.

“मग आमच्या जरथुष्ट्रसाहेबांच्या गाथा काय काल-परवाच्या?” पारश्यांचे दस्तूरजी उसळले.

यहुद्यांच्या शलोमदादांनी तोराची गुंडाळी छातीशी धरली. पाद्रीबाबांनी बायबल उचललं, मौलवीसाहेबांनी कुराण उचललं. भंतेजी चेहऱ्याने शांत होते, पण तिपिटक काही दुसऱ्या पायरीवर ठेवेनात. “ग्रंथसाहेब तर आमचे गुरूच,” शिखांचे ग्यानीजी म्हणाले. “गुरूला खाली बसवू?” आणि भांडता भांडता प्रत्येक जण वर हेही सांगायचा, “मला स्वतःला काही नको हो! मी आपला शेवटच्या पायरीवर बसेन!”

हे सगळं गोजरा ऐकत होती. पोथीशाळेची झाडलोट करायची आणि पोथ्यांची बासनं शिवायची, हे तिचं काम. अक्षराची ओळख नाही, पण वीस वर्षं रोज दुपारी कोणी ना कोणी वाचायला बसे आणि गोजरा खांबाला टेकून ऐके. बाळंतपणात लेक गेली तेव्हा त्या दुपारींनीच तिला तारलं होतं. कुलूप लागलं की ते ऐकणंही संपणार होतं. ती तडक राजांच्या वाटेत उभी राहिली.

“महाराज, मी मांडते ग्रंथ.”

“तू? तुला वाचता येतं?”

“नाही ना! म्हणून तर सगळ्यांचं ऐकलंय.”

राजांना गंमत वाटली. “मांड. पण चुकलीस तर कुलूप तुझ्याच हाताने लावायचं!”

दुसऱ्या दिवशी दुपारी राजे सिंहासनावर बसले, तर पायऱ्या रिकाम्याच! विद्वान आपापले ग्रंथ घेऊन उभे, आणि गोजरा पदर खोचून मधोमध.

“हे काय? अजून मांडले नाहीस?”

“आधी थोडं विचारायचंय, महाराज. शास्त्रीबुवा, लिहायच्या आधी वेद कुठे होते?”

“ऋषींनी ऐकले, शिष्यांनी पाठ केले. म्हणून तर त्यांना श्रुती म्हणायचं!”

“आणि भंतेजी, तुमचं?”

“बुद्ध बोलले, भिक्खूंनी ऐकलं. कित्येक पिढ्या ते कंठातच राहिलं.”

“गाथासुद्धा मुखोद्गतच होत्या,” दस्तूरजी म्हणाले.

शलोमदादा म्हणाले, “सिनायच्या डोंगरावर मोशेने देवाचं ऐकलं.” पाद्रीबाबा म्हणाले, “येशूंनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. लोकांनी त्यांना ऐकलं, मग शिष्यांनी लिहून ठेवलं.” मौलवीसाहेब म्हणाले, “जिब्रीलने पैगंबरांना ऐकवलं, त्यांनी साथीदारांना.” आणि ग्यानीजी हसले, “आमच्या गुरूंनी तर गाऊनच ऐकवलं!”

“म्हणजे सगळे कानाच्याच वाटेने आले. आता शेवटचं. ग्रंथ वाचला जातो तेव्हा ऐकणाऱ्याने कुठे बसायचं? ग्रंथाच्या वर चालेल?”

“छे छे! खालीच!” सातही जण एका सुरात ओरडले. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

गोजराने हळूच सिंहासनाकडे पाहिलं. “मग महाराज, आठ दिवस सातांच्याही वर कोण बसलंय हो?”

राजांच्या कपाळावर आठी चढली. त्यांनी सातांकडे पाहिलं, सातांनी जमिनीकडे पाहिलं. राजे सावकाश उठले आणि चौथऱ्यावरून खाली उतरले.

गोजराने सिंहासन बाजूला सारायला लावलं. चौथऱ्यावर पांढरंशुभ्र वस्त्र पसरून सात चौरंग गोलाकार मांडले आणि ज्याचा ग्रंथ त्यालाच ठेवायला सांगितला. गोलात पहिला कोण अन् शेवटचा कोण! कोणाला बोलायला जागाच उरली नाही.

“आणि पायऱ्या?” राजे गरजले. “त्या रिकाम्याच आहेत!”

“त्या ऐकणाऱ्यांच्या, महाराज. एक जण वर जाऊन वाचेल, सहा जण ऐकतील.”

पण बसायची वेळ आली आणि नवाच तंटा! शेवटच्या पायरीवर बसेन असं सगळ्यांनी बोलून ठेवलेलं. सातही जण त्या एका पायरीवरच दाटीवाटीने बसू लागले, आणि शास्त्रीबुवा मौलवीसाहेबांच्या मांडीवर आले!

राजांनी चुटकी वाजवली. “फसलीस गोजरा! ऐकणारे सहा, पायऱ्या सात, आणि कुरकुर आहे ती आहेच!”

“छे हो, महाराज! शेवटची पायरी तुमची. राजाच्या वर बसायला मिळाल्यावर कुरकुर कोण करेल?”

राजांनी सातही पायऱ्या नजरेने मोजल्या. मग असे हसले की मुकुट हातात धरावा लागला. हसत हसत ते शेवटच्या पायरीवर जाऊन बसले आणि विद्वान निमूटपणे वर सरकले. वाचायला आधी कोणी जायचं यावर “आधी तुम्ही, आधी तुम्ही” सुरू झालं, तेव्हा थोरले म्हणून भंतेजींना पुढे केलं.

राजांनी खांद्यावरचा जरीचा शेला गोजराच्या हातात दिला. “आणखी काय हवं ते माग!”

“पोथीशाळा रोज दुपारी सगळ्यांना उघडी राहू दे, महाराज.”

“दिलं! आणि उद्यापासून झाडलोट दुसरं कोणी करेल. तू फक्त ऐकायचं.”

भंतेजींनी वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच राजे म्हणाले, “पण मी म्हणतो—”

“महाराज, ऐकायची पायरी आहे ती!” गोजरा म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने राजेच हसले.