बिशपबाबांनी डोक्यावर आणलेलं पाणी

गेल्या सणाला हीच गोष्ट सांगितली, तर अर्धे झोपले आणि अर्धे जेवायला पळाले. आता पुन्हा माझ्याच मागे लागलात. सांगतो, पण मध्ये तोंड घालायचं नाही.

खाडीवर पूल नव्हता, लोक होडीनं ये-जा करत, तेव्हाचं हे. आमच्या बोरखाडीतल्या डाबऱ्यांचा सांतान मासळीच्या पाट्या वाहत शिकला, पाद्री झाला आणि शहरात जाऊन आर्चबिशप झाला. गावाला मात्र तो बिशपबाबाच.

माणूस देवाचा, पण एकदा चुकला. गावातला मोतेस लोपीस निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा बिशपबाबा वेदीवरून म्हणाले, "मोतेस आपला माणूस आहे." लोकांनी डोळे मिटून मतं दिली. निवडून आल्यावर मोतेस घरोघर सांगत सुटला, आपले कोण आणि बाहेरचे कोण. बाहेरचे म्हणजे खाणीवरचे तेलंगी पाथरवट. आमच्या देवळाचा, म्हणजे चर्चचा, दगड त्यांनीच घडवलेला, पण ते कोण आठवतो!

त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या, आणि खाणीत मात्र झरा लागला. मोतेस म्हणाला, "तेलंग्यांनी आपलं पाणी चोरलं." झालं. माणसं पेटली.

नेमकं तेव्हाच बिशपबाबांच्या भाचीचं लग्न आलं. आमच्यात आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत हंडा आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. बिशपबाबा होडीतून उतरले, तर बहीण इजाबेल दारात रडत उभी.

"दादा, विहिरीत चिखल आहे. पोरीला काय चिखलानं न्हाऊ घालू? आणि बँडवाले मोतेसबरोबर गेलेत, खाणीवरच्या झोपड्या जाळायला. म्हणतात, जाळून थेट मांडवात येतो!"

बिशपबाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "त्याला आपला म्हणणारा मीच ना, इजा," म्हणाले. मग वहाणा काढल्या. "हंडा दे."

आडवाटेनं ते लोकांच्या आधी खाणीवर पोचले. तिथली म्हातारी पोशम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमची माणसं जाळायला येतात, आणि तुम्ही पाणी मागता?"

"चूक माझी आहे, मावशी. पाणी देऊ नका हवं तर. मी इथंच बसतो, आधी मला जाळतील."

"बसून काय उपयोग? हंडा आणा इकडे." तिनं भरून डोक्यावर चढवला. "नीट धरा. सवय दिसत नाही."

"पाट्या वाहिल्यात मी मासळीच्या."

"मासळी सांडत नाही, बाबा!"

आणि तीही शेजारून चालू लागली.

समोरून पलिते घेऊन गाव आलं. बिशपबाबा थांबले नाहीत. आता आमच्याकडे उंबराचा हंडा मुका नेत नाहीत, नवरीला अपशकुन होतो. जुजे पिपाणीवाल्याला हंडा दिसला आणि पिपाणी ओठाला लागली.

"वाजवतोस काय, गाढवा!" मोतेस ओरडला.

"हंडा निघालाय, मोतेसभाऊ! मुका कसा जाऊ देऊ?"

मग ढोल वाजला, आणि ढोल वाजल्यावर आमच्या लोकांचे पाय कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. जाळायला आलेली माणसं वरातीला लागली. मागून कुणीतरी दगड मारला. असं म्हणतात, तो हंड्याला लागला तेव्हा देवळाची घंटा वाजावी तसा नाद झाला, आणि थेंब सांडला नाही. असं म्हणतात, पलिते आपोआप विझले.

मांडवात बिशपबाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "मी चुकलो. खाणीवरचेही आपलेच, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं." मग नवरीला न्हाऊ घातलं. असं म्हणतात, त्याच हंड्यातून गावानं घागरी भरल्या, तेलंग्यांनीही भरल्या, तरी हंडा भरलेलाच. माझ्या आत्यानं दोन नेल्या होत्या, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती. मोतेसला मात्र पुढच्या खेपेला त्याच्या सासऱ्यानंही मत दिलं नाही.

आजही बोरखाडीत लग्न कुणाचंही असो, आमचं की तेलंग्यांचं, पाणी खाणीच्या झऱ्याचंच. हंडा तेलंगी घरातली म्हातारी चढवते आणि आमच्यातला म्हातारा अनवाणी आणतो. त्याला बिशपबाबाचा हंडा म्हणतात. गेल्या साली मान माझा होता. अर्ध्या वाटेत एकानं हंडा हिसकला, म्हणे आजोबा, मान हलते तुमची. थेंब सांडला नव्हता, पोशम्माच्या नातसुनेला विचारा! त्यानं अजून माफी मागितलेली नाही. नाव हवंय त्याचं? इनास तुस्कानो.